मापं

जहराच्या मागच्या गल्लीत, टायरवाल्याला लागून माझं दुकान.
अठ्ठावीस वर्षं दिशदाशा शिवतो.
वस्तीचे खांदे माझ्या वहीत आहेत;
कोण कुठल्या साली सुटला, कोण वाळला,
कुणाचा डावा खांदा बापासारखाच उतरता.

इलेक्शनच्या हिवाळ्यात अबू मिशारी आला.
गाडीतून उतरला नाही. काच अर्धी खाली.
मी माणसं पाठवतो, तू मापं घे,
पैसे पुतण्या देईल.
किती माणसं?
म्हणाला, आपली जेवढी आहेत तेवढी.

आली माणसं.
नाव विचारलं की आधी आजा सांगायची, मग पणजा,
मग वाळवंटातली एक विहीर,
जी आता नकाशातही नाही.
मी फक्त लांबी लिहून घ्यायचो.
रात्री पलीकडच्या मैदानात तंबू,
सरकारनं मना केलेली घरातली निवडणूक:
एकाच कबिल्याचे चौघे उभे, सकाळपर्यंत एकच उरायचा,
बाकीचे तिघे त्याच्या कपाळाचा मुका घेऊन घरी.

नव्वाफ नावाचा पोरगा टेप गळ्यात असतानाच म्हणाला,
उस्ता, कापड राहू दे. रोख दे. दहा दिनार तुझे.
मी म्हटलं, आणि मत?
तो आरशात बघत राहिला.
रक्त अबू मिशारीचं,
गाडीचे हप्ते समोरचा फेडतोय.
छाती त्रेचाळीस, मी लिहिलं.

त्याच आठवड्यात मेहुण्याचा फोन, बाणकोटच्या खाडीवरून:
जमातीची बैठक झाली.
सरपंचकी यंदा आपल्या मोहल्ल्यात यायलाच हवी.
हुर्जूक शेठनं अकरा तिकिटं काढलीत,
दोहा, दम्माम, कुवेत. तुझं चौथं.
कुणाला मत देणार, असं कुणी विचारलंच नाही.
आडनाव पुरलं.

समोर वामन्या भाटकर उभा होता.
माझ्या बाकावरचा.
अब्बांची मयत पलीकडच्या कबरस्तानात न्यायची होती,
उधाण होतं, कुणी होडी सोडेना,
तेव्हा हा लुंगी खोचून पाण्यात उतरला.
पण तिकीट फुकटचं होतं,
आणि अम्माच्या डोळ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलेलं.
मी गेलो.

शाळेत, आमच्याच चौथीच्या वर्गात मशीन मांडलेलं.
एक काज करायला जेवढा वेळ लागतो
तेवढा वेळ पुठ्ठ्याच्या आडोशाला उभा राहिलो,
मग बटण दाबलं.
कुठलं, ते बायकोलाही सांगितलेलं नाही.
बाहेर हुर्जूक शेठचा पोरगा खुर्चीवर बसून
गल्फवाल्यांच्या नावांवर टिक मारत होता.
वामन्या फाटकाशी उभा. त्यानं हात वर केला.
मीही केला. शाईचा हात.

परत आलो तर इकडचंही आटोपलेलं.
अबू मिशारी एकोणीस मतांनी पडला.
पुतण्या फोन उचलत नाही.
सात दिशदाशा अजून खुंटीला आहेत,
पांढऱ्या, कडक, माणसांशिवाय.

काल म्हातारा मुतलक आपली घेऊन आला.
माझ्या नखावरची शाई बघितली,
मान वाकडी करून विचारलं,
तुला किती मिळाले रे?
एक तिकीट, म्हटलं. येण्याजाण्याचं.
तो खोकेपर्यंत हसला.
मला ही एकच, म्हणाला,
आणि तीही छातीत आवळते.

मी शिवण उसवली.
आत बोटभर कापड दाबून ठेवलेलं असतं,
कुणाला न सांगता, मी नेहमीच ठेवतो.
ते सोडलं.
त्यानं श्वास घेऊन बघितला.
पैसे विचारले त्यानं.
राहू द्या, म्हटलं, आणि वही काढून
त्याचं जुनं माप खोडलं.